बाहेरून आलेल्या तापासाठी मलेरियाचं रॅपिड कार्ड: घ्यावं का, आणि घेतल्यावर पुढं काय

पुण्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात कुणाला ताप आला की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही आधी डेंगी धरून चालतात. प्लेटलेट्स कमी आल्या की मग विचारायलाच नको. मलेरियातही प्लेटलेट्स घसरतात, ही गोष्ट त्या गडबडीत मागं पडते. सुदैवानं बऱ्याच लॅबच्या 'फीवर पॅनेल'मध्ये मलेरियाचं रॅपिड कार्ड असतं. बोटभर लांबीची पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, रक्ताचा एक थेंब, पंधरा-वीस मिनिटं, आणि रिपोर्ट हातात. हे परीक्षण त्या कार्डाचं आहे, आणि कार्डाच्या जोडीनं लॅबनं जी सेवा द्यायला हवी तिचंही.

परीक्षण करताना एक ठरावीक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला आहे: बाहेरून आलेला. लागोस किंवा नैरोबीचं काम उरकून हिंजवडीला परतलेला इंजिनिअर. सुदान, इथिओपियातून शिकायला आलेला आणि सुट्टीत घरी जाऊन आलेला विद्यार्थी. नुआखाईच्या सणाला गावी जाऊन वाघोलीच्या साइटवर परतलेला कालाहांडीचा मजूर. गडचिरोलीहून स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी पेठेत राहायला आलेला मुलगा. यांच्या अंगातला मलेरिया पुण्यातल्या डासानं दिलेला नसतो. तो जिथून आला तिथली औषधं पचवून आलेला असू शकतो.

आमचं मत आधीच सांगतो. कार्ड जरूर घ्या, पण नुसतं कार्ड घेऊन थांबू नका. 'मलेरिया आहे का' याचं उत्तर ते चांगलं देतं. 'दिलेलं औषध लागू पडतंय का' याचं उत्तर ते देऊच शकत नाही, आणि बाहेरून आलेल्या तापात हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा असतो. त्यासाठी काचेची स्लाइड लागते, तीही परजीवी, म्हणजे रक्तातले मलेरियाचे जंतू, मोजून दिलेली, आणि औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आणखी एक.

पाकिटात काय असतं आणि कुठं चुकतं

चांगल्या कंपनीच्या पाकिटात चार गोष्टी असतात: फॉइलमध्ये सीलबंद कार्ड, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, रक्त उचलायची छोटी नळी किंवा लूप, आणि बफरची, म्हणजे रक्त पट्टीवरून पुढं नेणाऱ्या द्रवाची बाटली. लागतं फक्त ५ मायक्रोलिटर रक्त, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. रक्त लहान खिडकीत, बफर मोठ्या खिडकीत. बफरचे थेंब कंपनीप्रमाणे बदलतात, कुणाचे दोन, कुणाचे चार. एका कंपनीचा बफर दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला वापरायचा नाही. बाटली संपली म्हणून सलाइन घालणं तर अजिबातच नाही, त्यानं खोट्या रेघा उमटतात.

बफर पडला की लाल पट्टा कागदावरून हळूहळू वर सरकतो आणि मागची जागा पांढरी होत जाते. ही पार्श्वभूमी स्वच्छ होण्याआधी वाचलं तर फिकट रेघ दिसत नाही. जास्तीत जास्त किती मिनिटांत वाचायचं ते पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं. ती वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ धरायची नाही. सकाळी ठेवलेलं कार्ड दुपारी पाहून 'अरे, इथं तर रेघ आहे' म्हणण्यात अर्थ नाही. फिकट रेघ वेळेत आली असेल तर मात्र ती पॉझिटिव्हच. तिथं 'संशयास्पद' असा मधला शेरा मारायची गरज नाही.

'सी' अक्षरासमोरची कंट्रोल रेघ आली म्हणजे कार्ड ठणठणीत, हा पक्का गैरसमज आहे. ती रेघ एवढंच सांगते की द्रव नीट पुढं सरकला. उन्हानं तापलेल्या कार्डात कंट्रोल रेघ ठीक येते आणि मलेरियाची रेघ पकडणारा भाग मात्र मेलेला असतो. बहुतेक कार्डांची साठवणुकीची मर्यादा ३० किंवा ४० अंश सेल्सिअस असते. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि घरोघरी सँपल गोळा करणाऱ्याच्या डिकीत किंवा साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त तापतं. पावसाळ्यात अडचण उलटी: फॉइल आधी फाडून ठेवलं की पट्टी ओल धरते. कार्ड रुग्ण समोर बसल्यावरच फोडायचं. सिलिकाच्या पुडीचा रंग बदललेला दिसला तर कार्ड टाकून द्यायचं.

कुठलं कार्ड घ्यावं

बाजारात बाहेरून सारखी दिसणारी दोन प्रकारची कार्डं आहेत, आणि आफ्रिकेहून आलेल्या माणसासाठी त्यांच्यातला फरक फार महत्त्वाचा आहे.

पहिला प्रकार राष्ट्रीय कार्यक्रमात वापरतात तो. त्यात फाल्सिपॅरम या मलेरियाच्या जातीसाठी एचआरपी-२ नावाच्या प्रथिनाची रेघ आणि व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीसाठी एलडीएच या विकराची वेगळी रेघ. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, गडचिरोलीच्या तापाला हे कार्ड उत्तम, कारण तिथं याच दोन जातींचं राज्य आहे. दुसऱ्या प्रकारात फाल्सिपॅरमच्या रेघेसोबत सगळ्या जातींना सामायिक असलेली 'पॅन' रेघ असते. आफ्रिकेत ओव्हाले आणि मलेरिए या जातीही भेटतात आणि पहिल्या प्रकारच्या कार्डात त्यांच्यासाठी रेघच नाही. पॅन रेघ त्यांना निदान पकडू शकते, तीही दर वेळी पकडेलच असं नाही. आफ्रिका, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनीहून आलेल्यांसाठी दुसऱ्या प्रकारचंच कार्ड मागावं. लॅबमध्ये विचारायचा प्रश्न सोपा आहे: 'कार्ड पीएफ-पीव्ही आहे की पीएफ-पॅन?' काउंटरवर उत्तर मिळालं नाही तर आतल्या टेक्निशियनला विचारायला सांगा.

आता एचआरपी-२ बद्दल, कारण या कार्डाची ताकद आणि त्याचा दोष दोन्ही तिथंच आहेत. हे प्रथिन फाल्सिपॅरम भरपूर सोडतो, म्हणून रेघ ठसठशीत येते. पण परजीवी मेल्यावरही ते रक्तात दोन ते पाच आठवडे रेंगाळतं. म्हणजे उपचार पूर्ण झाल्यावर दहाव्या दिवशी कार्ड पुन्हा केलं आणि ते पॉझिटिव्ह आलं, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. 'औषध लागू पडलं नाही' म्हणून घाबरून दुसरं औषध सुरू करणं जितकं चूक, तितकंच 'जुनीच रेघ असेल' म्हणून खरा परतलेला मलेरिया सोडून देणंही चूक. गावी महिन्याभरापूर्वी उपचार घेऊन आलेल्या मजुराला पुण्यात साधा व्हायरल ताप आला तरी कार्ड पॉझिटिव्ह येऊ शकतं.

दुसरा दोष अधिक गंभीर. काही फाल्सिपॅरम परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारं जनुकच गळालेलं असतं. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातून २०१० मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. पुढं इरिट्रियात असे परजीवी इतके सापडले की तिथं सरकारला कार्डं बदलावी लागली. इथिओपिया, जिबुती, सुदान या पट्ट्यातही ते आहेत. भारतातही तुरळक सापडले आहेत. अशा रुग्णाच्या अंगात मलेरिया थैमान घालत असतो आणि फाल्सिपॅरमची रेघ कोरीच राहते. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यातून आलेल्या विद्यार्थ्याचं एचआरपी-२ कार्ड निगेटिव्ह आलं तर तिथं थांबायचं नाही, हे इतकं स्पष्ट सांगण्याचं कारण हेच.

तिसरी गोष्ट क्वचित घडते, पण ठाऊक असावी. परजीवी अतिप्रचंड संख्येनं असतील तर अँटिजेनच्या, म्हणजे कार्ड जे प्रथिन पकडतं त्याच्या, पुरामुळं रेघ उमटत नाही किंवा अगदी फिकट येते. रुग्ण ग्लानीत, डोळे पिवळे, लघवी गडद आणि कार्ड निगेटिव्ह, असं दिसलं तर रक्त दहापट पातळ करून कार्ड पुन्हा करावं आणि स्लाइड ताबडतोब बघावी.

कमी संख्येच्या टोकाला कार्ड साधारण १०० ते २०० परजीवी प्रति मायक्रोलिटरच्या खाली डळमळतं. मलेरियाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, म्हणून त्याच्या रक्तात परजीवी कमी असूनही ताप असू शकतो. उलट पुण्यात जन्मलेल्या प्रवाशाला थोड्याशा परजीवींनीही जोरदार ताप येतो. दोन्हीकडं पहिलं कार्ड निगेटिव्ह येण्याची शक्यता राहते. त्यात ताप आल्या आल्या कुणी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा गावच्या मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन मलेरियाच्या गोळ्या घेतल्या असतील तर परजीवी दबतात, मरत नाहीत. म्हणून एकाच निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा नाही. १२ ते २४ तासांच्या अंतरानं एकूण तीन वेळा तपासायचं. त्यासाठी ताप चढण्याची वाट बघायची गरज नाही, रक्त केव्हाही घेता येतं.

औषधाला दाद न देणारा मलेरिया: कुठून काय येतं

फाल्सिपॅरमवर क्लोरोक्विन निकामी होण्याची सुरुवात १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर झाली. भारतात आसाममध्ये १९७३ मध्ये आणि पूर्व आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेच दिसलं. आज भारतात फाल्सिपॅरमला क्लोरोक्विन देतच नाहीत. तरी 'मलेरिया म्हणजे क्लोरोक्विनच्या चार, चार, दोन गोळ्या' हा जुना हिशेब अजून अनेकांच्या डोक्यात आहे. तो फक्त व्हायव्हॅक्सला चालतो. त्यातही पापुआ न्यू गिनी, इंडोनेशियाहून आलेल्या व्हायव्हॅक्सला नाही, कारण क्लोरोक्विनला न जुमानणारा व्हायव्हॅक्स १९८९ मध्ये तिथंच पहिल्यांदा नोंदला गेला.

२०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणात फाल्सिपॅरमसाठी आर्टेसुनेट आणि एसपी म्हणजे सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन अशी जोडी ठरली. ईशान्येकडच्या राज्यांत एसपी निकामी झाल्यामुळं तिथं आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आलं. हा नियम राज्याच्या नावानं लिहिलेला असला तरी परजीवी राज्याची सीमा ओलांडून रेल्वेनं पुण्यात येतो. त्रिपुरा, मिझोराम, आसामहून आठ-दहा दिवसांपूर्वी आलेल्या सिक्युरिटी गार्डला फाल्सिपॅरम निघाला तर औषध ठरवताना त्याचं गाव विचारायला हवं, सध्याचा पत्ता नव्हे.

आफ्रिकेहून आलेल्यांच्या बाबतीत हे आणखी ठळक. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फाल्सिपॅरमला एसपी मोठ्या प्रमाणावर लागू पडत नाही. सरकारी पुरवठ्यातलं आर्टेसुनेट-एसपीचं पांढरं प्रौढांचं पाकीट त्याला दिलं तर प्रत्यक्षात एकट्या आर्टेसुनेटवरच भिस्त राहते, आणि तीन दिवसांचं एकटं आर्टेसुनेट मलेरिया मुळापासून काढत नाही. अशा रुग्णाला आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हा सरळ पर्याय आहे. डॉक्टरांना 'केनियाहून आलोय, एसपी नसलेलं औषध चालेल का' हे विचारण्यात काहीच गैर नाही.

आणि आता खुद्द आर्टेमिसिनिनही, म्हणजे आर्टेसुनेट आणि आर्टेमेथर ज्या गटातले तो गटही, पूर्वीइतकं वेगानं काम करत नाही, असे परजीवी पसरू लागले आहेत. पश्चिम कंबोडियात २००८-०९ मध्ये हे समोर आलं, २०१४ मध्ये केल्च-१३ या जनुकातले बदल त्याची खूण म्हणून सापडले. म्यानमारमध्ये असे परजीवी भारताच्या सीमेपासून अवघ्या २५ किलोमीटरवर आढळले. पुढं रवांडा, युगांडा, इरिट्रिया, टांझानिया इथंही तेच बदल स्वतंत्रपणे उगवले. याचा अर्थ औषध निरुपयोगी झालं असा नाही. परजीवी मरायला जास्त वेळ लागतो, आणि मग जोडीच्या औषधावर सगळा भार येतो. जोडीचं औषधही कच्चं असेल तर उपचार फसतो. कंबोडियात पिपराक्विनच्या जोडीचं असंच झालं.

हे कुठल्याच कार्डावर दिसत नाही. ते दिसतं स्लाइडवर.

स्लाइडची सेवा: लॅबची खरी परीक्षा

एका काचेवर दोन गोष्टी हव्यात: जाड थेंब आणि पातळ थर. जाड थेंब परजीवी शोधण्यासाठी, पातळ थर जात ओळखण्यासाठी. जाड थेंब कसा जमला हे पाहण्याची जुनी युक्ती आहे. ओला असताना काच वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अक्षरं दिसतच नसतील तर थेंब फार जाड झाला, रंगवताना तो सोलून निघणार. पातळ थर मिथेनॉलनं पक्का करायचा, जाड थेंबाला मिथेनॉलचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. झाला की लाल पेशी फुटत नाहीत आणि सगळं धुरकट दिसतं. रंगासाठी जिम्सा किंवा आपल्याकडं तयार झालेला जेएसबी. जिम्साच्या पाण्याचा पीएच ७.२ हवा. आम्लाकडं झुकला तर परजीवीचा लाल ठिपका उठून दिसत नाही.

बोटातून थेट थेंब घेणं सर्वांत चांगलं. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त वापरायचं असेल तर तासाभरात स्लाइड करावी. संकलन केंद्रावर सकाळी आठला घेतलेली नळी दुपारी मुख्य लॅबला पोचते, तोवर परजीवींचा आकार बिघडलेला असतो. आमच्या मते शहरातल्या सध्याच्या सेवेचा सर्वांत मोठा कच्चा दुवा हाच आहे. मोठ्या साखळीची लॅब असो की कोपऱ्यावरची, विचारा: 'स्लाइड इथंच काढणार का?' काढत नसतील तर जिथं मायक्रोस्कोप आहे तिथं जा.

निगेटिव्ह म्हणण्याआधी जाड थेंबाची निदान १०० क्षेत्रं मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली बघायची असतात. नीट बघितलं तर त्याला पाच-दहा मिनिटं जातात. रिपोर्टवर नुसतं 'मलेरिया परजीवी आढळले' एवढंच असेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे. जात, अवस्था आणि संख्या तिन्ही हवं.

संख्या काढायची रीत सोपी आहे. जाड थेंबात २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले ते लिहायचं, त्याला रुग्णाच्या पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येनं गुणायचं आणि २०० नं भागायचं. पांढऱ्या पेशी ठाऊक नसतील तर ८,००० धरतात. पण मलेरियात त्या पुष्कळदा कमी असतात, म्हणून सीबीसीतला खरा आकडाच घ्यावा. ६०० परजीवी दिसले आणि पांढऱ्या पेशी ४,२०० असतील तर १२,६०० प्रति मायक्रोलिटर. ८,००० धरले असते तर तोच आकडा २४,००० झाला असता.

तिसऱ्या दिवसाची स्लाइड

इथं मोजणीत घोटाळा होतो. औषधाचा पहिला डोस ज्या दिवशी, तो दिवस शून्य. सोमवारी सकाळी पहिला डोस, तर तिसरा दिवस गुरुवार. बुधवारी काढलेली स्लाइड पॉझिटिव्ह आली म्हणून हवालदिल व्हायचं कारण नाही. गुरुवारी, म्हणजे ७२ तासांनंतर, परजीवी अजून दिसत असतील तर मात्र लक्ष द्यायला हवं. ते सोमवारच्या संख्येच्या २५ टक्के किंवा जास्त असतील, किंवा परजीवी आणि ३७.५ अंशांवर ताप दोन्ही असतील, तर उपचार फसला असं धरून औषध बदलायचं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, संख्या सोमवारपेक्षा वाढली तरी तेच. म्हणूनच शून्य दिवसाचा, म्हणजे सोमवारचा, आकडा लागतो. तो नसेल तर २५ टक्के कशाचे काढणार?

स्लाइडवर केळ्यासारखे वाकडे गॅमेटोसाइट राहिले असतील तर घाबरू नका. ते फाल्सिपॅरमचे लैंगिक अवस्थेतले परजीवी, तापाशी त्यांचा संबंध नाही. ते आठवडेच्या आठवडे दिसू शकतात आणि औषध फसल्याचं लक्षण नसतात. मात्र ते डासाला आजार देऊ शकतात. फाल्सिपॅरमला प्रायमाक्विनचा एकच डोस, प्रौढांना ४५ मिलिग्रॅम, उपचार सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी (आपल्या उदाहरणात मंगळवारी) देतात तो यांच्यासाठीच. रिपोर्टवर 'फक्त गॅमेटोसाइट' असं स्पष्ट लिहून देणारी लॅब चांगली समजावी.

पुढची स्लाइड सातव्या दिवशी, मग २८ व्या दिवशी, आणि मध्ये ताप आला तर केव्हाही. पुण्यात राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट सोपी होते. मलेरियाच्या गावात महिन्याभरात पुन्हा फाल्सिपॅरम निघाला तर तो जुना की नवा डास चावल्याचा, हे सांगायला जनुकीय तपासणी लागते. इंजिनिअर परत आल्यापासून हिंजवडी सोडून कुठं गेलाच नसेल आणि तिसऱ्या आठवड्यात फाल्सिपॅरम परतला, तर तो जुनाच, हे जवळजवळ नक्की.

अशा वेळी दुसरं औषध सुरू करण्याआधी फिल्टर पेपरवर रक्ताचे तीन-चार थेंब घेऊन ठेवावेत. सावलीत पूर्ण वाळवून सिलिकाच्या पुडीसह झिपच्या पिशवीत. केल्च-१३ ची तपासणी रोजच्या रिपोर्टसारखी दुसऱ्या दिवशी मिळत नाही, ती संशोधन संस्थांत होते. पण औषध पोटात गेल्यावर तो थेंब परत मिळत नाही. यासाठी लागणारा कागद आणि पिशवी ही काही खर्चाची बाब नाही, प्रत्येक लॅबनं ठेवावी.

सगळं अपयश परजीवीच्या माथी मारू नये

तिसऱ्या दिवशी स्लाइड पॉझिटिव्ह आली की 'रेझिस्टन्स' हा शब्द लगेच तोंडात येतो. त्याआधी गोळ्यांचं रिकामं पाकीट मागून बघावं. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या प्रौढाला २४ गोळ्या: चार-चार, सहा वेळा, तीन दिवसांत. पहिल्या डोसनंतर दुसरा आठ तासांनी, रात्री झोपमोड करूनही. ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थांशिवाय नीट शोषलं जात नाही. गोळ्या रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतल्या तर औषध वाया जातं. कपभर सायीचं दूध, तूप लावलेली पोळी, मूठभर शेंगदाणे, काहीही चालेल. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर ल्युमेफँट्रिनची पातळी घसरते, म्हणून ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

व्हायव्हॅक्स दोन-तीन महिन्यांनी परतला तर बहुतेक वेळा तो यकृतात दडून बसलेल्या परजीवीमुळं. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. चौथ्या दिवशी ताप उतरतो, मजूर कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या पेटीत राहतात. ठेकेदारानं किंवा मुकादमानं रोज सकाळी हजेरीच्या वेळी गोळी समोर द्यावी, यापेक्षा चांगला उपाय नाही. प्रायमाक्विनआधी जी-६-पीडी हे रक्तातलं विकर तपासून घेणं उत्तम, ते कमी असेल तर या गोळीनं लाल पेशी फुटतात. गरोदर बाई आणि वर्षाखालचं मूल यांना ते द्यायचंच नाही. लघवी चहासारखी गडद झाली की गोळी तिथंच थांबवून दवाखान्यात.

बेशुद्धी, झटके, धाप, कावीळ, लघवी कमी होणं, सतत उलट्या, किंवा पाच टक्क्यांहून जास्त लाल पेशींत परजीवी, यांतलं काहीही असेल तर गोळ्यांचा विचार सोडा. शिरेतून आर्टेसुनेट, ० , १२ आणि २४ तासांना, त्यासाठी दाखल व्हावंच लागतं. हे इंजेक्शन घेतलेल्यांनी पुढचे चार आठवडे हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं, कारण एक-दोन आठवड्यांनी लाल पेशी फुटून ते अचानक घसरू शकतं.

जाण्याआधीच्या गोळ्या

आफ्रिकेला जाणारे पीतज्वराची लस न चुकता घेतात, कारण तिच्याशिवाय विमानतळावर अडवतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कुणी तपासत नाही, म्हणून त्या राहून जातात. सर्वांत जास्त राहतात त्या मायदेशी सुट्टीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या. 'आम्हाला लहानपणापासून सवय आहे' असं त्यांना वाटतं, पण दोन-तीन वर्षं पुण्यात राहिल्यावर ती प्रतिकारशक्ती ओसरते.

सहा आठवड्यांच्या आतल्या मुक्कामाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज: निघण्याआधी दोन दिवस सुरू, परतल्यावर चार आठवडे चालू. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया वगळून. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. लांब मुक्कामाला मेफ्लोक्विन आठवड्याला २५० मिलिग्रॅम, दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत. फिट्स, नैराश्य किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी ते टाळावं, आणि कंबोडिया-थायलंड सीमेकडं जायचं असेल तर ते उपयोगाचं नाही. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यावं लागतं, ही त्याची मोठी सोय. गोळ्या घेऊनही ताप आला तर तपासणी करायचीच, आणि उपचाराला तेच औषध पुन्हा वापरायचं नाही.

लेबर कॅम्पसाठी

साइटवर कार्डांचा डबा ठेवणं हा चांगला खर्च आहे, पण तो थंड खोलीत ठेवा. आणि गावाहून परतलेल्या माणसाच्या नावापुढं परतल्याची तारीख लिहा. फाल्सिपॅरम साधारण एक ते चार आठवड्यांत उठतो, व्हायव्हॅक्स कित्येक महिन्यांनीही. शहरी मलेरियाचा डास ॲनोफिलिस स्टीफेन्साय स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: क्युरिंगचं पाणी, लिफ्टचा खड्डा, झाकण नसलेली टाकी, डिझेलचे रिकामे ड्रम. आठवड्यातून एक दिवस हे सगळं कोरडं केलं तर बाहेरून आलेला परजीवी शेजारच्या खोलीत जात नाही. औषधाला न जुमानणारा परजीवी एका माणसापुरता राहिला तर प्रश्न एका माणसाचा असतो.

महापालिकेच्या दवाखान्यांत स्लाइड आणि मलेरियाचं औषध दोन्ही मोफत आहे. ससून, नायडू आणि पिंपरीचं वायसीएम ही रुग्णालयं आहेतच. कुठंही गेलात तरी फॉर्मवर चार ओळी स्वतःच्या हातानं लिहा: गेल्या वर्षभरात कुठं कुठं राहिलात, परत कधी आलात, ताप आल्यापासून कुठल्या गोळ्या घेतल्या, आणि मलेरियाच्या औषधाचा पहिला डोस किती तारखेला, किती वाजता घेतला. ही शेवटची वेळ नसेल तर तिसऱ्या दिवशीची स्लाइड कधी काढायची हेच ठरवता येत नाही.